दाढेतली चांदी

मंडळी, आमच्या रामबागेतल्या जुन्या लोकांना ते पायाने चालवायचं मशीन आठवत असेल. १९६६ साल, मी नऊ वर्षांचा. सराफ्यातल्या जिलबीने खालची दाढ किडवली होती, तर आजी हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर उभं राहून एका पायाने पायटा मारायचे, शिवणाच्या मशीनसारखा. दोरी फिरायची, दोरीवर सुई. घर्र घर्र आणि जळका वास. संपेचना. शेवटी आजी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दाढ कोरताय की विहीर खणताय?"

हा किस्सा मी चाळीस वर्षं लग्नाकार्यात सांगितला, आणि डॉक्टरांना नावं ठेवली. कारण काळा ठिपका तिळाएवढा होता आणि त्यांनी दाढेच्या सगळ्या खाचा कोरून काढल्या. पुढे पन्नाशीत भाकरी खाताना त्याच दाढेची एक भिंत कडकन तुटली. मग तर विचारूच नका.

परवा भाची (ती दातांची डॉक्टर आहे) म्हणाली, "मामा, त्यांनी पुस्तकाप्रमाणेच केलं हो."

पुस्तक म्हणजे शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यांचं, १९०८ चं. चांदी-कथलाची भुकटी पाऱ्यात खलून भरायची, पण ती दाताला चिकटत नाही. नुसती अडकून बसते. म्हणून खड्डा घडवावा लागे: तळ सपाट, आत किंचित रुंद, तोंडाशी अरुंद, आपल्या तांब्याच्या गळ्यासारखा. खोलीही पुरेशी हवी, नाहीतर चावताना चांदी फुटते. आणि ब्लॅकसाहेबांचा मोठा नियम असा की शेजारच्या चांगल्या खाचाही कोरून घ्या, म्हणजे पुढे तिथे कीड लागणार नाही. त्या काळी बरोबरच होतं ते. घरोघरी राखुंडी आणि मिश्री, सहा महिन्यांनी दात दाखवायला कोण जाणार होतं? पण चांगला दात जितका जास्त कापला तितक्या उरलेल्या भिंती पातळ. माझी तुटली ती अशी.

पायट्याचं मशीन मॉरिसन नावाच्या अमेरिकन माणसाचं, १८७१ चं. हवेवर चालणारं, मिनिटाला तीन लाख फेऱ्यांचं मशीन १९५७ मध्येच निघालं होतं, पण आमच्या गल्लीपर्यंत यायला वेळ लागला. दाताला आम्ल लावून भराव चिकटवायची युक्तीही १९५५ ची, ब्युओनोकोर यांची. ती रुळली तसा तांब्याचा गळा घडवायची गरज संपली. किडलं तेवढंच काढायचं.

भाचीने गेल्या महिन्यात माझी दुसरी दाढ तशीच भरली. अर्धा तास, खड्डा ज्वारीच्या दाण्याएवढा. मी खुर्चीत आडवा पडून त्या डॉक्टरांचा पाय आठवत होतो. त्या दिवशी तासभर तरी पायटा मारला असेल त्यांनी, तोही उभं राहून. आता ते नाहीत, माफी कुणाची मागू?

कुणाकडे त्या मशीनचा फोटो असेल तर टाका हो इथे.