आचारी, आचार्य आणि विंडोज

‘आचारी’ आणि ‘आचार्य’ या दोन शब्दांत कोणी गल्लत करणार नाही. पण विभक्तीचा प्रत्यय लागला की ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत फरक उरतो तो केवळ एका अर्ध्या ‘र’चा. एक डोक्यावरचा रफार, तर दुसरा ‘वऱ्हाड’मध्ये दिसतो तो ओळीतला. मराठी संगणकावर आली तेव्हा हा फरक सांभाळण्याचे काम वैयाकरणांकडे राहिले नाही, ते विंडोजच्या आवृत्त्यांकडे गेले. त्या काळातील मराठी लेखन आज संहिता म्हणून वाचायचे असेल, तर या आवृत्त्यांचे दोष आपणांस ठाऊक असायला हवेत, असे आम्हांस वाटते.

विंडोज ९५ आणि ९८ यांना देवनागरीची ओळखच नव्हती. त्यामुळे ‘शिवाजी’सारख्या टंकांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. पडद्यावर मराठी दिसे, यंत्राच्या लेखी मात्र तो मजकूर रोमन अक्षरांचाच असे. एका विद्यार्थिनीची प्रबंधिका आम्ही दुसऱ्या संगणकावर उघडली, तेव्हा शीर्षकापासून संदर्भसूचीपर्यंत इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गलका दिसला होता. उपाय सोपा होता : फ्लॉपीवर प्रबंधिकेबरोबर टंकही न्यायचा. हा दोष ढळढळीत होता, म्हणूनच निरुपद्रवी.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा युनिकोड टंक. त्याचे कर्ते र. कृ. जोशी, म्हणजे अक्षर हेच ज्यांच्या कवितेचे द्रव्य होते असे सुलेखनकार कवी. (मराठी कवीने घडवलेल्या या टंकात ‘ल’ आणि ‘श’ मात्र हिंदी वळणाचे आहेत. साहित्याच्या वर्गात यावर एक तास सहज जावा.) ऑक्टोबर २००१ मधील विंडोज एक्सपीतही देवनागरीची सोय होती, पण ती झोपलेली. कंट्रोल पॅनलमधील भाषाविषयक खिडकीत एका चौकटीत खूण करायची, मग यंत्र मूळ सीडी मागे, आणि ती बहुधा सापडत नसे.

त्या दिवसांत आम्ही मराठीचे अध्यापक नाइलाजाने वैद्य झालो आणि लक्षणांवरून निदान करू लागलो. ओळभर रिकामे चौकोन दिसले, तर टंक नाही. अक्षरे दिसतात पण जोडाक्षरे फुटली आहेत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसली आहे, असे असेल तर टंक आहे, पण अक्षरे जुळवणारी यंत्रणा निजलेली आहे. या दोन्ही दुखण्यांत मूळ मजकूर शाबूत असे. प्रश्नचिन्हांची रांग मात्र असाध्य. युनिकोड न जाणणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून फाइल जतन केली, की मूळ अक्षर कायमचे गेले. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टात ही सोय आरंभापासूनच जागी होती, आणि आमची वैद्यकी संपली असे आम्ही समजलो.

ती समजूत खरी ठरली नाही. ओळीतला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त करून. दुसरा, १९९६ मधील युनिकोड २.० पासून चालत आलेला : ‘र’ला हलन्त करायचे आणि पुढे शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घालायचे. पडद्यावर दोन्ही सारखेच. परंतु अनेक प्रोग्रॅम मजकूर ‘स्वच्छ’ करताना न दिसणारी चिन्हे गाळून टाकतात. जोडचिन्ह गळाले की रफार उमटतो, दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्याला आचार्यपद मिळते. चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही. शब्द शुद्धच आहे, फक्त तो लेखकाचा नाही. भांडारकर संस्थेत १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पोथ्या लिपीनुसार वेगळ्या काढल्या गेल्या होत्या, कारण चुका लिपीच्या वळणाने होतात. आपल्या या पोथ्यांची लिपी एकच. लेखनिक मात्र विंडोज एक्सपी आहे की व्हिस्टा, हे कोणी नोंदवून ठेवलेले नाही.

‘ॲ’ची कथा याहून विचित्र. युनिकोडमध्ये हे अक्षर आले २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, आणि पुढच्याच वर्षी राज्य शासनाच्या निर्णयाने ते मराठी वर्णमालेतही आले. तोवर लोकांनी वाट काढली होती. कोणी हिंदीसाठी योजलेला ‘ऍ’ वापरला, तर कोणी ‘अ’ टंकून त्यावर चंद्राचे चिन्ह चढवले. ही दुसरी युक्ती युनिकोडने अमान्य ठरवली, आणि आजच्या अनेक प्रणालींत तशा ‘अ’पुढे ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. जुन्या यंत्रावर नीट दिसणारा मजकूर नव्यावर मोडका दिसतो. आणि जुन्या एक्सपीवर उघडावा तर नवा, शुद्ध ‘ॲ’ चौकोन होतो.

अलीकडे समीक्षेवरच्या आमच्या जुन्या टिपणांत आम्ही ‘ॲरिस्टॉटल’ शोधला. एकही नोंद मिळाली नाही. ‘ऍ’ने शोधल्यावर काही टिपणे निघाली, आणि ‘अ’वर चंद्र चढवून शोधल्यावर उरलेली.