'नोड' या नावाचे दोन दावेदार

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्सची वितरणव्यवस्था. तिच्या नियमावलीत एक कलम आहे : निरनिराळे काम करणाऱ्या दोन आज्ञावल्यांना एकच नाव असता कामा नये, एकमत झाले नाही, तर दोघींनीही ते सोडावे. या कलमाची खरी कसोटी 'नोड' या चिमुकल्या नावाने पाहिली.

हे नाव डेबियनमध्ये आधीपासून हौशी रेडिओचालकांच्या एका आज्ञावलीकडे होते. २००९ साली रायन डाल यांनी नोड.जेएस जगापुढे आणले आणि पाहता पाहता असंख्य आज्ञावल्या 'नोड' याच हाकेवर विसंबू लागल्या. दोन्ही फाइली वेगवेगळ्या फोल्डरांत होत्या हे खरे. पण 'नोड' असे टंकल्यावर 'ओ' कोणी द्यावी? रेडिओचालकांची भीतीही अनाठायी नव्हती. दूर कुठेतरी देखरेखीविना चालणारे यंत्र नाव बदलताच अबोल झाले, तर ते सुरू करायला जायचे कोणी?

२०१२ साली तांत्रिक समितीने निवाडा दिला : जुनीने 'एएक्स२५-नोड' व्हावे, नवीने 'नोडजेएस'. मूळ हाक हवी असणाऱ्यांसाठी एक वेगळे पॅकेज ठेवले गेले. न्याय समान होता. पण डेबियनबाहेरचे जग 'नोड' म्हणतच राहिले. अखेर २०१७ मध्ये समितीने तो निवाडा मागे घेतला आणि नाव नोड.जेएसकडे गेले.

शब्दांप्रमाणे इथेही वहिवाट जिंकली. मात्र त्या पाच वर्षांत दुबळ्या पक्षाला नवे नाव अंगवळणी पाडायला अवधी मिळाला. कलमाची ही कमाई लहान मानू नये.