हिऱ्याचे पैलू

वाङ्‌निश्चयाच्या समारंभास आपल्याकडे साखरपुडा म्हणतात. या नांवांतच त्याचें जुनें रूप दिसतें. साखरेचा पुडा दिला, तोंड गोड झालें, कीं शब्द पक्का होत असे. त्या विधींत आंगठी मागाहून आली व आंगठींत हिरा त्याहूनही मागाहून. आतां तळकोंकणांत बांद्यासारख्या गांवींही सराफ विचारतो, ‘हिरा कोणत्या पैलूंचा हवा?’ आणि घरचीं वडील माणसें एकमेकांकडे पाहतात. सोन्याचा कस त्यांना कळतो. पैलूंचा प्रश्न त्यांना परका वाटतो. वस्तुतः तो परका नाहीं, हें थोडें मागें वळून पाहिल्यास दिसून येईल.

बांदा हें तेरेखोल नदीकांठचें जुनें व्यापारी गांव. सोळाव्या शतकाच्या आरंभीं दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकानें येथील व्यापाऱ्यांच्या वस्तीची नोंद केली आहे. शेजारचा गोवा त्या काळीं रत्नांच्या व्यापाराचें मोठें ठाणें होता. तेथेंच १५६३ सालीं गार्सिया द ओर्ता या वैद्यानें आपला औषधींवरील संवादग्रंथ छापला. त्यांत हिऱ्यावरही एक प्रकरण आहे. एतद्देशीय लोक घडविलेल्या हिऱ्यापेक्षां निसर्गतःच पैलू असलेला हिरा अधिक मोलाचा मानतात, असें तो सांगतो. ही आवड अडाणीपणाची नव्हती. आठ फलक, सहा कोन व बारा धारा असलेला हिरा उत्तम, असें आपलीं जुनीं रत्नशास्त्रें सांगतात. आणि खाणींतून निघणारा निर्दोष स्फटिक पुष्कळदां नेमका तसाच असतो.

सतराव्या शतकांत गोव्यास दोनदां येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये यानें आपल्या कारागिरांची रीत टिपून ठेविली आहे. हिरा स्वच्छ असला तर ते त्यास चाकावर जेमतेम लावीत, कारण वजन घटण्याचें भय. परंतु आंत डाग असला तर त्यावर बारीक पैलूंची गर्दी करीत, म्हणजे दोष झांकला जाई. या एका निरीक्षणांत सर्व पैलूशास्त्राचें मर्म आहे, असें आम्हांस वाटतें. पैलू तेज वाढवितो, तसाच दोषही झांकतो. आणि दोन्हींचें मोल वजनांतून वसूल होतें.

हें मोल किती जबर असतें, याचा दाखला महाराष्ट्राच्याच एका रत्नानें दिला आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवळांतील म्हणून सांगितला जाणारा नासिकचा हिरा १८१८ सालीं पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हातीं पडला. तेव्हां तो सुमारें ९० कॅरट होता. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या पेढीनें तो पुन्हां घडविला. मात्र जुन्या घाटास शक्य तों धरून, म्हणून तो ७९ कॅरटांच्या आसपास राहिला. पुढें तो एका इंग्रज सरदाराच्या तलवारीच्या मुठींत गेला. १९४० सालीं न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यानें त्यास लांबट चौकोनी, पायऱ्यांसारख्या पैलूंचा घाट दिला. वजन राहिलें ४३.३८ कॅरट! चार वर्षांनीं तो एका अमेरिकन बाईच्या आंगठींत जडला. देवळापासून बोटापर्यंतच्या या प्रवासांत निम्म्याहून अधिक हिरा धूळ होऊन गेला.

तो तोटा कीं लाभ, हें पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे. मार्सेल तोल्कोव्स्की यानें १९१९ सालीं गोल हिऱ्याचीं मापें गणितानें मांडलीं, तेव्हांपासून ५७-५८ पैलूंचा झगझगीत हिरा हाच आदर्श ठरला. त्यासाठीं कच्च्या दगडाचा निम्म्याच्या आसपास भाग सोडावा लागतो. आपलें जुनें मन वजन सांभाळतें, नवें मन प्रकाश मागतें. दोघांपैकीं कोणासही आम्ही मूर्ख म्हणणार नाहीं.

बांद्याच्या त्या घरास आम्ही इतकेंच सांगूं. गोल हिरा दिव्याखालीं सर्वांत अधिक चमकतो, पण त्या चमकेंत बारीक डाग लपतात. तो घ्यावयाचा तर भिंग लावून पाहावा. पायऱ्यांचा चौकोनी हिरा मंद असतो, पण आंतलें कांहीं लपवीत नाहीं. तो घ्यावयाचा तर दगडच निर्मळ हवा. गुलाबकळीच्या घाटाचा, तळाशीं सपाट असा जुना हिरा आजीच्या दागिन्यांत सांपडला, तर तो नव्या घाटासाठीं चाकावर घालण्याची घाई करूं नये. पैलू पुन्हां पाडतां येतात. गेलेलें वजन परत येत नाहीं. आणि ज्या नात्यासाठीं ही आंगठी, तें जुळविणाऱ्यांनींही दोष झांकणाऱ्या तेजापेक्षां दोष दाखविणारी निर्मळता पत्करली, तर साखरेच्या पुड्याचा मूळ अर्थ कायम राहील.