करडई तेल व हृदयहितकर स्वयंपाक

करडई तेल व हृदयहितकर स्वयंपाक : करडई (कार्थॅमस टिंक्टोरियस; कुल-कंपॉझिटी) ह्या रबी पिकाच्या बियांचे तेल मराठवाड्यात दीर्घकाळ रोजच्या स्वयंपाकात वापरले जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हृद्‌रोगप्रतिबंधक तेल म्हणून शहरांत प्रतिष्ठा लाभली; परंतु त्याच काळानंतर ते मूळ प्रदेशातील स्वयंपाकघरांतून मागे पडत गेले. वृद्धांच्या आहाराचा विचार करताना हा इतिहास उद्‌बोधक ठरतो.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गच्या पूर्वेस आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. येथील काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल टिकून राहते व तिच्यावर रबी ज्वारी पिकते. करडईचे सोटमूळ खोल जात असल्याने तीही ह्याच ओलीवर येते. ज्वारीत तिची पाटे घालण्याची किंवा शेताच्या कडेने तिच्या ओळी पेरण्याची पद्धत होती. काटेरी झाडांमुळे जनावरे शेतात शिरत नसत. अशा रीतीने एकाच शेतातून भाकरी, तेल आणि कोवळ्या पानांची भाजी मिळे.

तेल लाकडी घाण्यावर काढीत व पेंड जनावरांना घालीत. तेल बेतानेच निघे, त्यामुळे ते बेतानेच वापरले जाई. तळण सणासुदीपुरते असे. रोजच्या जेवणात भाकरी, वरण किंवा पिठले, पालेभाजी आणि जवसाची वा कारळाची चटणी असे. मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास धाराशिव–लातूर भागात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येची भज्जी ही अनेक भाज्या व ओल्या शेंगांचे दाणे एकत्र शिजवून करतात. तिच्याबरोबर ज्वारीचे उंडे व ताकातील आंबील असते. सणाचे असूनही ह्या जेवणात तळणाला दुय्यम स्थान आहे. सीमेपलीकडील कन्नड मुलखात करडईच्या बिया वाटून काढलेल्या दुधाची हुग्गी करतात.

तेलाचे हायड्रोजनीकरण करण्याची कृती व्हिल्हेल्म नॉरमन ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये पेटंट केली. तीतून निर्माण झालेले वनस्पती तूप १९३० नंतरच्या दशकात भारतात सर्वत्र पसरले. ह्यातील ट्रान्स मेदाम्लांमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते व हितकारक कोलेस्टेरॉल घटते, हे १९९० मध्ये नेदर्लंड्समधील संशोधकांनी दाखविले. भारतात खाद्यतेले व मेद यांतील ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा २०२२ पासून लागू झाली.

दरम्यान १९५० नंतर, वनस्पतिज तेलांनी रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते असे प्रयोगांत आढळले. अमेरिकन हृद्‌रोग संघटनेने १९६१ मध्ये संतृप्त मेदांऐवजी अशी तेले वापरण्याचा सल्ला दिला. नेहमीच्या करडई तेलात लिनोलेइक अम्ल सु. ७० ते ७८ टक्के असते. त्यामुळे ते हृदयासाठी उत्तम तेल म्हणून प्रसिद्धीस आले. डबाबंद शुद्धीकृत तेल शहरी मध्यमवर्गाच्या घरांत पोहोचले.

परंतु केवळ तेल बदलल्याने हृदयाचे रक्षण होतेच, असे नाही. सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृद्‌विकाराचा आघात होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. एका गटाला संतृप्त मेदांऐवजी करडईचे तेल व त्यापासून केलेले मार्गारीन देण्यात आले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. तथापि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरविश्लेषणानुसार ह्या गटात १७·६ टक्के, तर दुसऱ्या गटात ११·८ टक्के मृत्यू घडले. मार्गारीनमधील ट्रान्स मेदाम्लांचा ह्यात वाटा असावा, असाही आक्षेप घेतला जातो. संतृप्त मेदांऐवजी असंतृप्त मेद घ्यावेत हा सर्वसाधारण सल्ला आजही कायम आहे. मात्र एकाच तेलावर भिस्त ठेवू नये, हा बोध ह्या प्रयोगातून घेता येतो. करडईच्या नेहमीच्या तेलात आल्फा-लिनोलेनिक अम्ल जवळजवळ नसते. जवसात ते विपुल असते. करडईच्या फोडणीबरोबर जवसाची चटणी खाण्याच्या जुन्या रिवाजाने ही उणीव काही अंशी भरून निघत असे.

करडईच्या पिकास मात्र उतरती कळा लागली. काट्यांमुळे काढणी कष्टाची होते व मजूर मिळत नाहीत. सोयाबीन व हरभरा ही पिके अधिक सोयीची ठरली, आणि १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाल्यावर स्वस्त तेल खेड्यापाड्यांत पोहोचले. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, तरी क्षेत्राची घट थांबली नाही. पामतेलात संतृप्त मेद निम्म्याच्या आसपास असतात. ज्या घरांत पूर्वी करडईचे तेल थोडके वापरले जाई, तेथे आता स्वस्त तेल मुबलक वापरले जाऊ लागले.

उतारवयात हालचाल कमी होते, दात पडतात व रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती असते. त्यामुळे बैठ्या प्रौढास दिवसाला सु. २० ते २५ ग्रॅम तेल पुरे होते, तर मीठ सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड व खारवलेले पदार्थ यांतून मीठ नकळत पोटात जाते. चावण्यास सोप्या ज्वारीच्या कण्या, पातळ वरण, मऊ शिजवलेली पालेभाजी व बेताच्या मिठाची आंबील हे पदार्थ वृद्धांना मानवतात. लिनोलेइक अम्लयुक्त तेल वारंवार तापविल्यास बिघडते. म्हणून तळणातून उरलेले तेल पुन्हा वापरू नये. मूत्रपिंडविकार, मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आहारातील बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावेत.

जुन्या कोरडवाहू स्वयंपाकाचा चांगुलपणा बव्हंशी तुटवड्यातून आलेला होता आणि दुष्काळात तो उपासमारीतही बदलत असे. त्यामुळे त्याचे उदात्तीकरण योग्य नव्हे. परंतु थोडे तेल, भरड धान्य, डाळी, पालेभाज्या व तेलबियांची चटणी ही त्याची मांडणी वृद्धांच्या हृदयासाठी आजही उपयुक्त आहे. हृदयाला हितकर ठरते ती ही समग्र मांडणी. करडई तेल हा तिचा एक घटक होय.