ठिबकाच्या नळीची घडण

बीड जिल्ह्यातील पाण्याचा इतिहास बहुधा दगडमातीच्या कामांतून सांगितला जातो. निजामशाहीत, सोळाव्या शतकात, बांधलेली खजाना विहीर आणि तिचे पाणी शेतांकडे नेणारी भुयारे, सिंदफणेवरील माजलगावचे धरण, मांजरेवरील धनेगावचे धरण यांची दखल घेतली गेली. परंतु १९७२च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी खोल जात राहिल्या आणि पाणी थेंबाने द्यावे लागू लागले, तेव्हा मोसंबीच्या नि कापसाच्या रानात पसरलेली काळी लॅटरल, म्हणजे ठिबकाची नळी, कशाची बनते, याकडे इतिहासलेखकांनी फारसे पाहिलेले नाही.

आयसीआय कंपनीच्या गिब्सन आणि फॉसेट या रसायनज्ञांना १९३३ साली इंग्लंडमध्ये प्रचंड दाबाखाली पॉलिएथिलीन मिळाले. ते मऊ होते, पण ताणाला कमी टिके. १९५३ साली कार्ल त्सिग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने कमी दाबावर बनवलेले सरळ साखळीचे पॉलिएथिलीन बळकट होते, पण ताठर. शेतात गुंडाळता-उलगडता येणाऱ्या नळीसाठी मधला पदार्थ हवा होता, आणि तो एथिलिनात थोडे ब्यूटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन मिसळून मिळाला. अशा दोन एकवारिकांपासून, म्हणजे साखळीच्या मूळ घटकांपासून, बनणाऱ्या पदार्थास सहबहुवारिक म्हणतात. ब्यूटीनचा प्रत्येक रेणू साखळीला दोन कार्बनांची आखूड फांदी देतो. ती स्फटिकात सहसा मावत नाही, म्हणून घनता उतरते आणि नळी लवचीक होते. १९७७ साली युनियन कार्बाइडने वायुरूप अवस्थेतील स्वस्त पद्धत आणल्यावर हे रेषीय अल्पघनता पॉलिएथिलीन, बाजारातील एलएलडीपीई, जगभर पसरले. पुढे रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या आयपीसीएल संकुलातही ते बनू लागले.

फांद्या किती आहेत, हे अवरक्त वर्णपटावरून ढोबळमानाने कळते. त्या साखळीत कोठे बसल्या आहेत, हा प्रश्न मात्र कठीण होता. १९७०च्या दशकात कार्बन-१३ अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने तो बराचसा सोडवला. निसर्गातील कार्बनपैकी सुमारे १.१ टक्का असलेले हे समस्थानिक चुंबकीय क्षेत्रात शेजारच्या अणूंनुसार वेगवेगळ्या जागी संकेत देते, त्यामुळे ब्यूटीनचा घटक दोन एथिलीन घटकांमध्ये एकटा आहे की जोडीने, हे मोजता येते. तरीही हाती येते ती सरासरीच. १९८२ साली वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत नमुना गरम द्रावकात विरघळवून सावकाश थंड करतात आणि मग तापमान चढवत एकेक अंश वेगळा काढतात. कमी फांद्यांच्या साखळ्या सर्वांत शेवटी सुटतात. त्यातून दिसले की त्सिग्लर उत्प्रेरकाने बनवलेल्या मालात फांद्या आखूड साखळ्यांवर दाटतात आणि लांब साखळ्या जवळजवळ मोकळ्या राहतात. नळीच्या दृष्टीने हे उलटेच म्हणायचे, कारण स्फटिकांना एकमेकांशी बांधून तडा रोखण्याचे काम लांब साखळ्याच करतात. म्हणून घनता आणि ब्यूटीनचे प्रमाण सारखे असलेल्या दोन नळ्यांपैकी एक आधी तडकू शकते.

भारतीय मानक ब्युरोने १९८९ साली लॅटरलसाठी आयएस १२७८६ हे मानक काढले आणि उन्हापासून बचावासाठी सुमारे अडीच टक्के काजळी आवश्यक ठरवली. त्या काळच्या लॅटरलचे तुकडे अजूनही कोठे बांधावर पडले असतील, तर ते भंगारात जाण्यापूर्वी जिल्ह्याच्या अभ्यासकांनी गावाच्या नि सालाच्या नोंदीसह जमवावेत. त्यांची घडण तपासण्याची साधने पुण्यासारख्या जवळच्या शहरातील प्रयोगशाळांत आहेत.