पितळेच्या पातेल्यातलं दूध

आपल्या अलिबाग-मुरुडकडे बाळाचं उष्टावण म्हटलं की पेज, नाचणीचं सत्त्व, मऊ भात यांची चर्चा होते. मी आज बोलणार आहे भांड्याबद्दल.

भारतात लहान मुलांना यकृताचा एक आजार व्हायचा. कोलकात्यात १८८७ साली त्याची नोंद झाली. एक ते तीन वर्षांची मुलं. पोट फुगायचं, यकृत टणक व्हायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं दगावायची. एकाच घरातली भावंडंही जायची, म्हणून दोष रक्तातच असेल अशी शंका होती.

पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. टॅनर यांनी वेगळा प्रश्न विचारला: बाळाला वरचं दूध कधी दिलं आणि कशात तापवलं? १९८० च्या दशकात उत्तर छापून आलं. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालं होतं, तेही तांब्या-पितळेच्या भांड्यातलं. दूध तांबं शोषून घेतं आणि ते बाळाच्या यकृतात साठतं. आईच्या दुधात तांबं अगदी कमी असतं.

घरोघरी स्टील आलं, आजार जवळपास संपला.

आता तांब्या-पितळेची भांडी पुन्हा फॅशनमध्ये आहेत. कल्हई उडालेल्या पातेल्यात बाळाचं दूध तापवू नका. पहिले सहा महिने आईचंच दूध, मग पेज. आणि तीही स्टीलमध्ये, बरं का!