उघडायचं की बदलायचं? फियाटच्या शॉकअपची गोष्ट

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक घोडबंदर रोडवरचा आणि एक आमचा, डोंबिवलीचा. ठाण्याच्या मित्राला "मानपाड्याला ये" म्हटलं की तो हमखास घोडबंदरला पोचून फोन करतो. तर ही गोष्ट डोंबिवलीच्या मानपाड्याची आहे, आणि मागच्या शनिवारी एका गॅरेजबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून केलेल्या विचारांची.

गाडी बाबांची. १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, त्यांनी १९९१ मध्ये सेकंडहँड घेतलेली. बाबा आता ७९ चे. एकदा तरी याच गाडीने मुरबाडवरून मालशेज चढून ओतूरला जायचं, हे त्यांनी दिवाळीपासून लावून धरलंय. मी "बघू" म्हणत होतो. पण परवा कल्याण-शीळ रस्त्यावर एका खड्ड्यानंतर गाडी तीन-चार वेळा होडीसारखी डुलली, ब्रेक मारल्यावर नाक खाली गेलं आणि मागचं चाक थोडं नाचलं. बाबा म्हणाले, "फियाट अशीच चालते." मिस्त्रींनी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडीने एकदा वर येऊन गप्प बसायला हवं होतं, ती झोके घेत राहिली. "काका, शॉकअप संपले," ते म्हणाले. "उघडून करून देऊ की बदलायचे?"

माझ्या धंद्यात हा प्रश्न रोजचा. जुना प्रोग्रॅम दुरुस्त करायचा की नवा लिहायचा? त्यावर आम्ही मीटिंगा घेतो, तावातावाने भांडतो. शॉकअपच्या बाबतीत मात्र मला काहीच कळत नव्हतं, म्हणून घरी येऊन वाचायला बसलो. आणि लक्षात आलं की उघडायचं की बदलायचं हे मिस्त्री ठरवत नाही, गिऱ्हाईकही ठरवत नाही. बरंचसं इतिहासाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

मुळात शॉकअप धक्का झेलतच नाही. धक्का झेलते स्प्रिंग, नाहीतर मागचे पाटे. पण दाबलेली स्प्रिंग नुसती उसळत राहते. ती उसळी मारायचं काम शॉकअपचं. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा. चाक वरखाली झालं की तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावं लागतं, आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खड्डेवाल्या रस्त्यावर बराच वेळ गाडी चालवून शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो, तो यामुळे.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात हे काम घर्षणावर चालायचं. फ्रान्समध्ये ट्रुफोने एकमेकांवर घासणाऱ्या चकत्यांचा शॉकअप बनवला आणि अमेरिकेत हार्टफर्डने तो विकला. चकत्या झिजल्या की नट आवळायचा, संपलं. मग आला तेलाचा, दांडीवाला शॉकअप. फ्रान्सच्याच हुदाईचा असा शॉकअप १९२८ च्या फोर्ड मॉडेल ए वर होता. आपल्याकडे 'बेबी हिंदुस्तान' म्हणून आलेल्या मॉरिस मायनरवरही दांडीवालेच शॉकअप होते. ओतीव लोखंडाचा डबा, बाहेर एक दांडी, आणि महत्त्वाचं म्हणजे वर तेल भरायचं बूच. तेल कमी झालं की बूच उघडून भरा, गळायला लागला की खोलून सील बदला. ही वस्तू बनवणाऱ्यानेच गृहीत धरलं होतं की कोणीतरी ती कधीतरी उघडणार.

त्यानंतर नळीसारखे शॉकअप आले. नळीच्या आत नळी, मधून चकचकीत रॉड, आणि वरचं तोंड कारखान्यातच कायमचं बंद. हलके, स्वस्त, मोठ्या संख्येने बनवायला सोपे, थंडही लवकर होतात. फक्त बूच गेलं. आमची पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००, आणि तिला हेच शॉकअप. म्हणजे तिच्या बनवणाऱ्याचं उत्तर सरळ होतं: संपला की फेका, नवा लावा.

पण ते उत्तर इटलीतलं! इथे नवा आणायचा कुठून?

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या, आणि पुढे फियाटशी करार झाला. तेव्हा बरेचसे सुटे भाग पेटीतून यायचे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथे बनवायचे. शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डनेही गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. आता एकेक भाग इथेच करणारं कोणीतरी हवं होतं. त्या ओघात १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया उभी राहिली. अमेरिकेच्या मॅरेमाँटचं तंत्रज्ञान, आणि पहिला कारखाना आपल्या मुलुंडला. डोंबिवलीहून लोकलने तासाभराच्या आत!

तरीही वस्तू पुरेशी कुठे होती? गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचे, आणि टॅक्सी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची चूल थंड. त्यामुळे जी नळी उघडण्यासाठी नव्हतीच, ती मुंबईच्या मिस्त्रींनी उघडली. लेथवर तोंड कापायचं, जुनं तेल काढायचं, सील बदलायचं, नवं तेल भरून पुन्हा वेल्डिंग मारायचं. कोणी बरं करायचं, कोणी भंगार. नळीत थोडी हवेची जागा लागते हे न कळता काठोकाठ तेल भरलं, तर शॉकअप दगड होतो आणि माउंटिंग तुटतं. इंजिन ऑइल ओतलं तर जाड तेलाने गाडी बैलगाडी होते.

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० दिली गेली आणि हळूहळू सवय बदलली. भाग मिळायला लागले, मजुरी महाग झाली. बदलणं हे शहाणपण ठरलं, उघडणं म्हणजे जुगाड. प्रीमियरनेही नवं करून पाहिलं. १९९० च्या दशकात इथेच, कल्याणच्या कारखान्यात, प्यूजो ३०९ बनत होती. आमच्या शाळेत त्या गाडीचं केवढं कौतुक! ती भागीदारी टिकली नाही. २००० च्या सुमारास पद्मिनीही थांबली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. माझ्या लेखी शॉकअपच्या इतिहासातली ही मोठी तारीख. कारण पद्मिनीचं रोजचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे टॅक्सी. तीच गेल्यावर दुकानदाराने माल ठेवायचा कोणासाठी?

तरी मी बदलायच्या बाजूने होतो. (जुना प्रोग्रॅम फेकून नवा लिहायच्या बाजूनेही मीच असतो.) रविवारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन तास फिरून पुढच्या दोन चाकांसाठी 'नवी कोरी' जोडी मिळवली. खोक्यावरचा छाप पुसट, आत तेलकट कागद, पण रॉड आरशासारखे. विजयी मुद्रेने मिस्त्रींपुढे ठेवली. त्यांनी एक उभा धरला, रॉड चार-पाचदा वरखाली केला आणि माझ्या हातात दिला. "बघा साहेब." अर्धा प्रवास मोकळा, मग एकदम पकड. दुसऱ्याच्या सीलपाशी तेलाची ओल. पंचवीस-तीस वर्षं फळीवर आडवा पडलेला माल! न वापरताही रबर कडक होतं. म्हणजे नवा शॉकअप होता, पण नवा नव्हता.

मग त्यांनी जुने चारही शॉकअप ओळीने मांडले. मागच्या दोघांचे रॉड सरळ आणि गुळगुळीत, नळीला पोचा नाही. पुढच्या दोघांच्या रॉडवर गंजाचे बारीक खड्डे. "खड्डा पडलेला रॉड नवं सील महिन्यात खातो," ते म्हणाले. तिथे प्रश्न सुटला. मागचे आपलेच उघडायचे. पुढे माझी कुर्ल्याची जोडी, पण तीही उघडून. वेल्डिंग नको म्हणाले. तोंडाला आटे पाडून वर टोपी बसवायची, म्हणजे पुन्हा गळलं तर कापाकापी नाही. तेल मापून, दोन्ही बाजूंना सारखं. आणि काम जोडीनेच, कारण एका चाकाला कडक आणि दुसऱ्याला ढिला म्हणजे वळणावर आमंत्रण. एक ताकीद मात्र त्यांनी दोनदा दिली: हल्लीच्या गॅस भरलेल्या शॉकअपला ड्रिल किंवा वेल्डिंग लावायला जाऊ नका, आत दाब असतो.

त्या आटेवाल्या टोपीकडे मी बराच वेळ बघत होतो. नळीचा शॉकअप आला तेव्हा जे बूच गेलं होतं, ते मिस्त्रींनी लेथवर परत बसवलं होतं!

बाबांना आणखी एक काळजी होती. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. आमची २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. मोठे बदल नकोत म्हणताना तो नियम चासी, बॉडी आणि इंजिनाचं नाव घेतो. शॉकअपच्या टोपीला कोणी हरकत घेईल असं वाटत नाही. "तोपर्यंत मी आहे," बाबा म्हणाले, आणि विषय बदलला.

काल संध्याकाळी गाडी मिळाली. मानपाडेश्वराच्या देवळावरून येताना बाबांनी मुद्दाम एक स्पीडब्रेकर जरा जोरातच घेतला. गाडी एकदा वर आली आणि गप्प बसली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त आरशात स्वतःकडे बघून हसले.

पुढच्या शनिवारी ओतूर. गाडी बाबा चालवणार, घाटात मी. हा करार आईच्या साक्षीने झाला आहे.